आठ दिवसांत उभी करतो

अंगणातल्या कडुनिंबाच्या आडव्या फांदीला चेनपुली टांगलेली आहे. तिच्या आकड्याला पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड लोंबतंय. खाली विटांच्या चार थप्प्यांवर बिनइंजिनाची जीप जबडा उघडून बसली आहे. तिचं काढून ठेवलेलं बोनट बाजेवर आडवं पडलंय आणि त्यावर जुनं लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या आहेत. बुलढाणा जिल्ह्यात एवढं दिसलं की पुढं पत्ता विचारायची गरज नाही. भाऊंचं घर ते हेच.

गाव कुठलंही चालतं. घाटावर चिखली, मेहकर, देऊळगाव राजा. घाटाखाली नांदुरा, मोताळा, जळगाव जामोद. प्रत्येक ठिकाणी एक तरी भाऊ असतोच, आणि त्याच्या अंगणात एक तरी जीप अशी असते जी गेल्या दिवाळीला "आठ दिवसांत" उभी राहणार होती. दारावरून जाणारा माणूस सवयीनं विचारतो, "काहून भाऊ, झाली का गाडी?" भाऊ जीपच्या पोटाखालून सवयीनंच सांगतात, "आठ दिवसांत उभी करतो." रामराम घालायची ही तिथली रीतच होऊन बसली आहे. उत्तर ऐकायला कोणी थांबत नाही.

भाऊ मिस्त्री नाहीत, हे आधीच सांगायला हवं. मिस्त्री असते तर या भानगडीत पडलेच नसते, कारण पुढं काय वाढून ठेवलंय ते मिस्त्रीला माहीत असतं. भाऊ कुठं जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतात, कुठं कृषी केंद्र चालवतात, कुठं विम्याच्या पॉलिस्या विकतात. शिवाय सोयाबीन-कपाशी असतेच. संध्याकाळी सहानंतर मात्र त्यांचे हात कोपरापर्यंत काळे होतात. लहानपणी विहिरीवरच्या किर्लोस्कर इंजिनाचं हँडल मारताना ते एकदा उलटं फिरून मनगटावर बसलेलं असतं. तिथून जो संबंध जुळला तो आजतागायत सुटलेला नाही. मनगटावरची ती खूण भाऊ पाहुण्यांना अशी दाखवतात, की नव्या माणसाला वाटावं हे फौजेत होते.

जिल्हाही इंजिनाला नवखा नाही. खामगावच्या कापसापायी इंग्रजांनी १८७० सालीच जलंबपासून आगगाडीचा फाटा ओढला, आणि त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीनं आला होता. पुढं जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी हा मुलूख भोंग्यांवर उठायला शिकला. भाऊ या इतिहासाचा आधार बायकोशी बोलताना घेतात. "आपल्या मातीतच इंजिन हाये," असं म्हणतात. त्यावर वहिनी अंगणाकडं बोट दाखवून म्हणतात, "हो ना. ऑइल किती मुरलं मातीत, थे पाहून राहिली मी."

आता भाऊंना हे वेड लागलं कुठून? मोबाइलवरून. रात्री जेवणं आटोपली की भाऊ छपरीत बसून साता समुद्रापलीकडचे उद्योग बघतात. तिकडं लोक आपापल्या गॅरेजात तीस-चाळीस वर्षं जुनी स्पोर्ट्स कार उघडतात आणि तिच्यात नव्या जमान्याचं टर्बो इंजिन बसवतात. त्यांच्यातला भाऊंचा परात्पर गुरू म्हणजे अमेरिकेचा कॅरोल शेल्बी. १९६२ साली त्यानं इंग्लंडच्या एसी कंपनीची चिमुकली गाडी घेतली, तिच्यात फोर्डचं आठ सिलिंडरचं इंजिन बसवलं आणि 'कोब्रा' तयार केली. पण भाऊंचा जीव जडलाय तो वेगळ्याच माहितीवर. शेल्बी त्याआधी टेक्सासात कोंबड्या पाळायचा, आणि रोगानं कोंबड्या मेल्यावर तो धंदा पार बुडाला होता. हे कळल्या दिवसापासून भाऊ त्याचा उल्लेख "आपला शेल्बी" असा करतात. शेतीपूरक व्यवसायात बुडून इंजिनाकडं वळलेला माणूस परका कसा वाटावा?

अडचण एवढीच की स्पोर्ट्स कार बुलढाण्यात कुठून आणायची. आपल्याकडं त्या जातीची गाडी नव्हतीच असं नाही. गोव्यात १९९८ च्या सुमाराला 'सॅन स्टॉर्म' नावाची फायबरची, दोन जणांची, उघड्या टपाची गाडी निघाली होती. तिच्यात रेनोचं १.२ लिटरचं इंजिन. दिसायला देखणी, पण खपली इतकी थोडी की आता एखादी दिसली तर लोक तिच्यासोबत फोटो काढतात. विदर्भाच्या रस्त्यांनी तिला किती दिवस जगू दिलं असतं, हा वेगळा प्रश्न. म्हणून भाऊंनी स्पोर्ट्स कारची व्याख्याच तपासून पाहिली. दोन दारं किंवा त्याहून कमी. टप उघडता आला पाहिजे. पावसात आत पाणी आलं पाहिजे. मागच्या सीटवर कोणाला धड बसता येऊ नये. वेग असो-नसो, वारा भरपूर लागला पाहिजे. या पाचही कसोट्यांवर महिंद्राची जुनी उघडी जीप उतरते. पाचवीत तर तिला पैकीच्या पैकी गुण. अर्थात 'एमएम ५४०' हीच बुलढाणा जिल्ह्याची क्लासिक स्पोर्ट्स कार. गणिताच्या मास्तरांनी सिद्धता पुरी करून खाली दोन रेघा ओढल्या.

या जिपेच्या घराण्याचा इतिहास भाऊंना स्वतःच्या घराण्यापेक्षा जास्त पाठ आहे. आणि खरं सांगायचं तर तो इतिहास भाऊंच्याच बाजूनं बोलतो. विलीज कंपनीनं १९५३ साली जिपेत 'हरिकेन' नावाचं नवं इंजिन घालायचं ठरवलं. त्याचे हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वरच्या अंगाला असल्यानं ते उंच निघालं आणि बोनटखाली मावेना. कंपनीनं काय केलं? बोनटच उंच केलं. तीच सीजे-३बी. महिंद्रानं १९४७ पासून विलीजच्या जिपा जोडायला घेतल्या होत्या. हे उंच कपाळही पुढं त्यांनीच कित्येक वर्षं भारतभर फिरवलं. त्याच चेहऱ्यामागं आधी पेट्रोलचं हरिकेन बसलं, मग ट्रॅक्टरच्या खानदानातलं इंटरनॅशनलचं डिझेल, मग फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याचं २,११२ सीसीचं, त्यानंतर डायरेक्ट इंजेक्शनचं 'डीआय'. "म्हंजे पाहा," भाऊ पाना हवेत नाचवत विचारतात, "कंपनीनं जन्मभर इंजिनंच बदलली. थे केलं त मॉडेल, अन् म्या केलं त भानगड?"

युक्तिवाद बिनतोड आहे. तो तोडायच्या भरीला अजून कोणी पडलेलं नाही, कारण तोडायला जाणाऱ्याच्या हातात भाऊ बॅटरी देतात आणि "जरा इकडून उजेड दाखव" म्हणून अर्धा तास उभं करतात.

एक प्रश्न मात्र चुकूनही विचारू नये: मग सरळ थारच का घेत नाही? २०१० साली कंपनीनंच जुन्या जिपेच्या तोंडवळ्याची थार आणली. आत अडीच लिटरचं टर्बो डिझेल, १०५ हॉर्सपॉवर. म्हणजे भाऊंच्या डोक्यातली गाडी शोरूममध्ये तयार उभी होती. हे कोणी बोललं की भाऊंचा चेहरा, सुगरणीला हॉटेलातून पुरणपोळी मागवायला सांगावं तसा होतो. "थारमदे काय मजा हाय रे बावा? तिच्यात सारंच बसेल असते."

टर्बो हा शब्द तसा वऱ्हाडाला नवा नाही. टाटाच्या ट्रकच्या अंगावर तो इंग्रजीत लिहिलेला असे, आणि एका पिढीनं त्यावरूनच इंग्रजी 'टी' गिरवला. पण आत काय असतं ते भाऊ प्रत्येकाला नव्यानं समजावतात. त्यासाठी त्यांनी एक जळकी टर्बो ओट्यावर मांडून ठेवली आहे. दिसायला ती दोन गोगलगाई पाठीला पाठ लावून बसाव्यात तशी. एका गोगलगाईत सायलेन्सरकडं निघालेला गरम धूर शिरतो आणि आतलं पातं फिरवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या गोगलगाईतलं पातं असतं. ते फिरतं आणि फिल्टरमधून आलेली हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त, म्हणून डिझेल जास्त जाळता येतं. डिझेल जास्त, म्हणून ताकद जास्त. जो धूर नुसता वाया जायचा तोच कामाला लावायचा. ही अक्कल स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखीला सुचली, आणि १९०५ सालीच त्यानं तिचं पेटंट घेतलं. तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर गिरक्या घेतो, आणि घेतो तो तेलाच्या पातळ थरावर तरंगत. म्हणून गाडी पळवून आणल्यावर लगेच बंद करायची नसते. इंजिन थांबलं की तेलाचा पुरवठा थांबतो, तापलेल्या दांड्याभोवती उरलेलं तेल करपून जातं आणि टर्बो हळूहळू ओट्यावर मांडायच्या लायकीची होते. मिनिटभर गाडी नुसती चालू ठेवली की पुरे. भाऊ सुरक्षित बाजूला राहावं म्हणून दहा मिनिटं ठेवतात. शेजारच्या काकूंनी गच्चीवरच्या दोऱ्या पूर्वेकडून पश्चिमेला हलवल्या, त्या यामुळंच.

मूळ प्यूजो इंजिन काढायला मात्र भाऊंच्या जिवावर आलं होतं. थंडीत सकाळी 'हीटर मारून' म्हणजे किल्ली अर्धी फिरवून, ग्लो-प्लग तापेपर्यंत मनातल्या मनात आकडे मोजत बसायचं आणि मग सेल मारायचा. किती आकडे मोजायचे हे ज्याच्या-त्याच्या इंजिनावर आणि श्रद्धेवर अवलंबून. भाऊंचं सतराला लागायचं. काढलं त्या दिवशी त्यांनी इंजिनाला हळदकुंकू लावून गोठ्यात ठेवलं. म्हैस त्या कोपऱ्याकडं अजून संशयानं बघते.

नवं इंजिन आलं ते अपघातात चेपलेल्या स्कॉर्पिओचं. २,१७९ सीसी, १२० हॉर्सपॉवर. जुन्याची ताकद साठ-बासष्ट. म्हणजे सरळ दुप्पट. टेम्पोतून ते उतरवताना अर्धी गल्ली जमली. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मग भाऊंनी इंजिनाभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि त्यांच्या ध्यानात आलं, की याला डोकं नाही.

जुन्या डिझेलला तीन गोष्टी दिल्या की ते चालतं: डिझेल, हवा आणि सेल. हे नव्या जातीचं इंजिन. डिझेल किती, कधी आणि किती दाबानं सोडायचं हे ठरवतो 'ईसीएम' नावाचा ॲल्युमिनियमचा डबा. तो डबा भंगारवाल्याकडंच राहिला होता. तो आणायला भाऊ परत गेले. डब्यासोबत शेवयांच्या गठ्ठ्याएवढं वायरिंग लागतं हे घरी आल्यावर समजलं, तिसरी फेरी. ॲक्सिलरेटरला तार नसते, पेडलातूनच वीज संदेश देते, तेव्हा पेडलही त्याच गाडीचं हवं, चौथी फेरी. किल्लीत चिप असते आणि ती ओळखल्याशिवाय डबा इंजिनाला चालू होऊ देत नाही, पाचवी. पाचव्या फेरीला भंगारवाल्यानं भाऊंना चहा पाजला आणि म्हणाला, "भाऊ, त्यापेक्षा सारी स्कॉर्पिओच न्या ना." भाऊंनी खर्चाचा हिशोब पोत्यांत मांडला. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता, आणि बाजारात तेवढाही पदरात पडत नव्हता. वायरिंग म्हणजे किती पोती, किल्ली म्हणजे किती, हे त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहिलं आणि ते पान फाडून टाकलं.

आता खरं काम. इंजिन एका घराण्यातलं, गिअरबॉक्स दुसऱ्या. दोघांची भोकं जुळत नाहीत. मध्ये मध्यस्थ म्हणून लोखंडी ॲडाप्टर प्लेट लागते. तिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं, दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची. भाऊंनी पुठ्ठ्यावर छाप काढला, पेन्सिलीनं गोल केले आणि खामगावच्या लेथवाल्याकडं नेला. लेथवाल्यानं छाप उजेडात धरला. या प्रसंगी दोन संस्कृतींची गाठ पडली. भाऊ सुतात बोलतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरच्या जरा वर. पाइप, पत्रा, चौकट, सगळं वऱ्हाडात सुतावर चालतं. क्रँकशाफ्टचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या दांड्याचा मध्य मात्र एका रेषेत यावा लागतो, आणि तिथला फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. भाऊ म्हणाले, "अर्धा सूत इकडंतिकडं चालते." लेथवाल्यानं चश्मा काढला, पुसला, परत घातला. "कोणाचं चालते?" एवढंच विचारलं.

शेवटी प्लेट झाली, ती लेथवाल्याच्या मापानं. भाऊ गावात सांगतात आपल्या मापानं.

इंजिन खाली सोडलं तर त्याचं ऑइल चेंबर पुढच्या ॲक्सलवर टेकलं. चेंबर कापून दुसऱ्या बाजूनं वेल्डिंग केलं, तरी दोन बोटं अंतर कमीच. मग पाटे वाढवून गाडीच उचलली. गाडी उचलल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला. तो सुधारायला शाफ्ट कापला. इंजिन पुढून लांब, म्हणून रेडिएटर पुढं सरकवला. तो सरकला तशी जाळी पुढं आली, जाळीमागून बंपर. एवढं झाल्यावर कळलं की बोनट लागत नाही, दोन इंच वर राहतं. भाऊंना या क्षणाचीच वाट होती. त्यांनी अंगणात जाहीर केलं, की १९५३ साली विलीजनं जे केलं तेच आपण करणार. बोनट उंच होणार. बाजेवरच्या कुरडया उचलायला सांगितल्यावर आईनं ठाम नकार दिला. काळा पत्रा तापून चार दिवसांच्या कुरडया दोन दिवसांत वाळत होत्या. या सगळ्या उद्योगात घराला झालेला हा एकमेव फायदा, आणि तो सोडायला आई तयार नव्हती. विलीज कंपनीला ही अडचण आली नसावी.

आणि ब्रेक? जुन्या एमएम ५४० ला चारी चाकांना ड्रम ब्रेक. ते साठ हॉर्सपॉवरच्या आणि साठच्या वेगाच्या हिशोबानं दिलेले. प्यूजोची ओढ होती १२० न्यूटन-मीटरच्या घरात. नव्या इंजिनाची २९०. ही ओढ गिअरबॉक्स, जॉइंट, डिफरन्शियल, सगळ्यांच्या अंगावर येणार, आणि शेवटी थांबवायची जबाबदारी त्याच चार म्हाताऱ्या ड्रमांवर. परदेशात हे काम करणारे लोक आधी ब्रेक बदलतात, मग इंजिन. भाऊंनी हा व्हिडिओ पाहिला नव्हता असं नाही. पाहिला, पण पुढं ढकलला. ब्रेकमध्ये मजा नसते; ब्रेक बदललेली गाडी कोणी बघायला येत नाही. इथं मात्र भाऊंची बाजू घेता येत नाही.

यानंतर येतो परिवहन विभाग. जिल्ह्याचा नंबर एमएच-२८. आरसी बुकात जे इंजिन लिहिलंय ते आता गोठ्यात आहे आणि गाडीत आहे त्याचा नंबर बुकात नाही. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम या बाबतीत कडक आहे. कंपनीनं दिलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागं पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. 'दर बदलामागं' हे शब्द भाऊंनी दोनदा वाचले. इंजिन एक, चेंबर दोन, पाटे तीन, शाफ्ट चार, बंपर पाच, बोनट सहा. नऊपर्यंत मोजल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दंडाची रक्कम जिपेच्या किमतीच्या पुढं चालली आहे.

पन्नास वर्षं जुन्या गाड्यांसाठी केंद्रानं २०२१ मध्ये व्हिंटेजची वेगळी नोंदणी सुरू केली, त्यातून वाट निघेल असंही त्यांना वाटलं. पण तिथं गाडी मूळ रूपात असावी लागते. म्हणजे भाऊंची जीप पन्नाशीची होईल तेव्हा व्हिंटेज ठरेल ते गोठ्यातलं इंजिन.

अशा वेळी भाऊ सांगलीकडं बघून धीर धरतात. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून एक चिमुकली जीपसारखी गाडी बनवली, किक मारून चालू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ आनंद महिंद्रांनी पाहिला. गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या ती अडवली जाईल, हेही त्यांनी तेव्हाच लिहिलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारीत ती लोहारांना मिळाली. ही बातमी आल्यापासून वहिनींचा सूर जरा बदलला. "तुमचाही व्हिडिओ टाका ना कुठं," त्या म्हणाल्या. भाऊंनी टाकला. पहिली प्रतिक्रिया चुलत मेव्हण्याची आली: बोनटवर कुरडया कोणाच्या?

जीप खरोखर चालू झाली त्या पहाटेचं वर्णन प्रत्येक गावात थोडं वेगळं ऐकू येतं, पण सार एकच. रेल्वे क्रॉसिंगवर मालगाडी यावी तसा आवाज, गल्लीतली सगळी कुत्री एका सुरात, आणि भाऊंच्या डोळ्यांत पाणी. ते धुरानं आलं होतं असं भाऊ म्हणतात. चाचणीसाठी मोताळ्याहून बुलढाण्याकडं चढणारा राजूर घाट. घाटाखालच्या कुठल्याही गाडीची परीक्षा तिथंच होते. जुन्या प्यूजोवर या चढणीला दुसरा गिअर टाकून माणूस घरच्या भानगडींचा विचार करू शके, इतका निवांतपणा होता. बाजूला ज्ञानगंगेचं जंगल. टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला एक तरुण वाघ पाच महिन्यांत सुमारे तेराशे किलोमीटर तुडवत, २०१९ च्या अखेरीस इथंच येऊन ठाकला होता. पायी. कुठलाही पार्ट न बदलता.

घाट लागला. भाऊंनी पेडल दाबलं. काही झालं नाही. टर्बोचं हे असंच असतं. धूर पुरेसा होऊन पातं वेगात येईपर्यंत इंजिन सरकारी फायलीसारखं गप्प पडून राहतं. भाऊंनी अजून दाबलं. मग एकदम सगळं मंजूर झालं. पाठीमागं बसलेल्या पुतण्याची टोपी गेली, पुढच्या वळणावर पाण्याची बाटली गेली, आणि तिसऱ्या वळणाआधी भाऊंना त्या म्हाताऱ्या ड्रमांची मनापासून आठवण झाली. जीप थांबली, पण कठड्याच्या फार जवळ थांबली. दोघांनी खाली उतरून बराच वेळ दरीतलं दृश्य पाहिलं. परत येताना पहिल्या गिअरमध्ये आले. त्यानंतर जीप रस्त्यावर गेली नाही. शेताच्या बांधापर्यंत जाते, तिथून वळते. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून मेहकर, सिंदखेड राजावरून जातो आणि त्यावर ताशी १२० चा वेग चालतो, हे भाऊंना माहीत आहे. पण आता ते त्या वेगाची चौकशी करत नाहीत.

जिपेचा पहिला आणि आजवरचा एकमेव सार्वजनिक कार्यक्रम म्हणजे त्याच पुतण्याचं लग्न. मे महिना, घाटाखाली पारा ४४ वर. गावातल्या गावात मारुतीच्या देवळापर्यंत नवरदेव उघड्या जिपेतून जाणार, असं ठरलं. जीप झेंडूनं मढवली, उंच बोनटावर केळीचे खुंट बांधले. पुढं बँड, बँडपुढं नाचणारे, मागं जीप. वेग नाचणाऱ्यांच्या मर्जीवर. १२० हॉर्सपॉवर पावलापावलानं सरकत होते. टर्बो फिरावी एवढा धूरच निघत नव्हता. पुढं सरकवलेल्या रेडिएटरला वारा लागत नव्हता, आणि जो काही लागला असता तो झेंडूनं अडवला होता. चावडीपाशी काटा लाल पट्टीत गेला, ईसीएमनं दिवा लावला आणि ताकद तोडली. जीप बंद पडली.

भाऊंनी बोनट उघडलं. वाफ निघाली तशी बँडवाल्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे, आणि त्यांनी चाल वाढवली. रेडिएटरचं झाकण उघडायला फडकं हवं होतं. हाताशी नवरदेवाचं उपरणं होतं. मांडवातून पाण्याचा जार आला. संध्याकाळ झाली होती, तेव्हा फेटा सावरत, बाशिंग एका हातानं धरून, नवरदेव दुसऱ्या हातानं मोबाइलचा उजेड दाखवत उभा राहिला. लहानपणापासूनची सवय. त्यानं हळूच विचारलं, "काका, मुहूर्ताआधी होईन ना?"

"दोन मिनिटांत उभी करतो," भाऊ आतून म्हणाले.

पंधरा मिनिटांनी नाचणाऱ्यांतल्या आठ जणांना मागं बोलावलं आणि जीप ढकलायला लावली. बँड थांबला नाही. वेगही आधी होता तेवढाच राहिला, त्यामुळं मागून येणाऱ्या बायकांना काही झाल्याचं देवळापर्यंत कळलंच नाही.